कासवाला जंतुसंसर्ग झालाय? आधी थर्मामीटर, मग डॉक्टर, औषध त्यानंतर

कवचावर पांढरा ठिपका दिसला, नाकातून बुडबुडा आला किंवा दोन दिवस खाण्याला तोंड लावलं नाही, की नवीन पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं औषध घालू?" त्यावर उलट विचारावं लागतं, पाण्याचं तापमान किती आहे? उत्तर येतं, "मोजलं नाही, पण खोली तशी उबदार आहे." अर्धं निदान तिथेच होतं.

कासवाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू कुठून तरी उडत येत नाहीत. एरोमोनास, स्युडोमोनास, सिट्रोबॅक्टर, क्लेब्सिएला, प्रोटिअस ही मंडळी टाकीतल्या पाण्यात, मातीत, कासवाच्या कातडीवर आणि आतड्यात आधीपासूनच मुक्कामाला असतात. धडधाकट कासव त्यांना दाद देत नाही. पण कासव शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही, ते ऊब बाहेरून घेतं. अंग थंड राहिलं की पचन मंदावतं, भूक मरते आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. त्यात पाणी घाण असेल, कवचाला ओरखडा असेल, आहारात जीवनसत्त्व अ कमी असेल, तर इतके दिवस गप्प बसलेले तेच जंतू आत शिरतात. औषधाचंही तसंच. थंड शरीरात ते नीट पसरत नाही आणि ठरलेल्या वेळात बाहेरही पडत नाही. म्हणून तापमान न सुधारता दिलेलं सर्वोत्तम अँटिबायोटिकही वाया जाऊ शकतं.

खालचा क्रम तेवढ्यासाठीच आहे. तो उलटा करू नका.

पहिली पायरी: मोजा

पाणकासव असेल तर दोन थर्मामीटर लागतात, एक पाण्यात आणि एक शेकायच्या जागेवर. लाल पट्ट्याच्या कानाचं स्लायडर, जे सगळ्यात जास्त पाळलं जातं, त्याला पाणी साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस आणि शेकायची कोरडी जागा 32 ते 35 अंश लागते. जमिनीवरच्या कासवांमध्ये जातीनुसार फरक पडतो. भूमध्य सागराभोवतीच्या आणि मध्य आशियातल्या जातींना दिव्याखाली 32 ते 35 अंश आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. पावसाळी जंगलातल्या, उदाहरणार्थ लाल पायांच्या कासवाला, उबेइतकीच हवेतली आर्द्रता महत्त्वाची. आपलं कासव नक्की कोणत्या जातीचं आहे हे माहीत नसेल तर ते आधी शोधून काढा. कोरड्या प्रदेशातलं कासव सतत ओल्या मातीत ठेवलं की पोटाकडचं कवच कुजायला लागतं, आणि जंगलातलं कासव सुक्या भुशावर ठेवलं की डोळे-नाक बिघडतं.

हाताला गरम लागतंय म्हणजे पुरेसं गरम आहे, हा हिशेब इथे चालत नाही. दिव्याखालच्या पृष्ठभागाचं तापमान घ्या, तेही बरोबर त्या उंचीवर जिथे कासवाची पाठ येते.

मग पाणी. मत्स्यालयासाठी मिळणारं साधं चाचणी किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो 40 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असूनही अमोनिया भरपूर असू शकतो, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. म्हणून माशांच्या टाकीला पुरणारा फिल्टर इथे कमी पडतो. टाकीत जेवढं पाणी आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुऊ नका. त्यात अमोनिया पचवणारे उपयोगी जंतू राहतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.

तिसरी गोष्ट यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारा दिवा. तो पेटलेला दिसतो याचा अर्थ त्यातून यूव्हीबी येतेच असा नाही. बहुतेक नळ्या आणि दिवे सहा महिने ते वर्षभरात कमजोर होतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन ऊब देतं, यूव्हीबी जवळजवळ अडवतं. यूव्हीबी नाही म्हणजे जीवनसत्त्व डी-3 नाही, म्हणजे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मऊ पडलेल्या कवचात जंतूंना वाट सोपी होते.

सगळे आकडे तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टर हेच विचारणार आहेत.

दुसरी पायरी: कासव हातात घेऊन तपासा

हे काम आठवड्यातून एकदा, कासव ठणठणीत असतानाही करायचं असतं. निरोगी कासव कसं दिसतं हे माहीत नसेल तर आजारी कसं ओळखणार? पहिल्याच दिवशी पाठीचे, पोटाकडच्या कवचाचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

सुरुवात वजनाने. ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर कासव मावेल असा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, मग कासव ठेवा. दर वेळी खाण्याआधी. जमिनीवरचं कासव भरपूर लघवी करून एकदम हलकं होऊ शकतं, तेव्हा एका आकड्यावर घाबरू नका. पण लागोपाठ आठवडे वजन उतरत असेल आणि उतार दहा टक्क्यांच्या आसपास पोचला असेल, तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठा.

मग कवच. मऊ ब्रशने साध्या पाण्याने घासून घ्या, टॉवेलने टिपा आणि पाच-दहा मिनिटं वाळू द्या. ओलं कवच खूप काही लपवतं. आता प्रत्येक खवल्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवा. मोठ्या कासवाचं कवच कुठेही दबता कामा नये. पहिल्या वर्षातल्या पिल्लाचं थोडं लवचीक असतं, ते चालतं. एखाद्या जागी नख रुतलं, खवला उचलला गेला, खालून ओल आली, तर त्या जागेचा वास घ्या. हो, नाक जवळ नेऊन. कुजलेल्या कवचाला सडका वास येतो आणि एकदा घेतला की विसरत नाही.

पांढरं दिसतं ते सगळं कुजणं नसतं, आणि इथेच नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात. जड पाण्यातल्या क्षारांचा थर ओला केला की दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा उमटतो. कवच त्याखाली टणक असतं. पाणकासवं खवले टाकतात तेव्हा खवल्याखाली हवा शिरून चंदेरी झाक येते आणि मग पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो आपण ओढून काढायचा नसतो. जमिनीवरची कासवं मात्र सहसा असे खवले टाकत नाहीत, त्यामुळे त्यांचा खवला सुटला तर काहीतरी बिघडलंय असं समजा. खरं कुजणं म्हणजे खड्डा, मऊपणा, वास, ओल किंवा रंग बदललेली कड. यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या की शंका ठेवू नका.

आता कासव डोळ्यांच्या पातळीवर धरून समोरून बघा. दोन्ही डोळे सारखे उघडे आहेत का? नाकपुड्या कोरड्या आणि सारख्या आहेत का? डोळ्याच्या मागे, जबड्याच्या टोकाशी कानाचा पडदा असतो. एका बाजूला वाटाण्याएवढा उंचवटा आणि दुसरी बाजू सपाट असेल तर ते बाजूने बघून कळत नाही, समोरून लगेच कळतं. मागचा पाय हलकेच ओढून बघा. तब्येत बरी असलेलं कासव तो जोरात परत ओढून घेतं. लोंबकळत राहिला तर चांगलं लक्षण नाही. तोंड जबरदस्तीने उघडायला जाऊ नका, जबडा दुखावतो. खाताना किंवा जांभई देताना फोटो काढा. आतला भाग फिकट गुलाबी असावा. पिवळट-पांढरे चट्टे दिसले तर तोंडाचा संसर्ग आहे.

काय दिसलं, त्याचा अर्थ काय

कवच कुजणं हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आणि वेळेत पकडला तर सगळ्यात बरा होणाराही. खवले म्हणजे केराटिनचा थर, त्याखाली जिवंत ऊती आणि हाड. जंतू खवल्यातच असतील तर काम सोपं. हाडापर्यंत गेले तर महिने लागतात, आणि तिथून रक्तात शिरायला फार वेळ लागत नाही. घरी खवला खरवडून "सगळं साफ" करण्याचा मोह आवरा. कुठवर मेलेलं आहे आणि कुठून जिवंत सुरू होतं हे डॉक्टरच ठरवू शकतात, आणि त्यासाठी वेदनाशामक लागतं. कवचाला संवेदना असते.

पाणकासवांत याच प्रकाराचं एक उग्र रूप आहे. कातडीवर आणि कवचावर व्रण, अंगात त्राण नाही, पाय ढिले, कधी बोटांची टोकं काळी पडून गळणं. यात सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडाय हा जंतू वारंवार सापडतो. तो पाण्यातून, जखमेच्या वाटेने आत जातो. गर्दीच्या, घाणेरड्या टाकीत हा आजार फोफावतो.

पोटाकडच्या कवचाला खवल्यांच्या खालून लालसर-गुलाबी छटा आली, बारीक लाल ठिपके किंवा रेषा दिसल्या आणि सोबत कासव मलूल असेल, तर संसर्ग रक्तात गेला असण्याची शक्यता धरून चाला. "उद्या बघू" म्हणण्याची ही वेळ नाही, त्याच दिवशी डॉक्टर. काही जातींचा मूळ रंगच नारिंगी-गुलाबी असतो. पहिल्या दिवशी काढलेला फोटो इथे उपयोगी पडतो.

कानाचं गळू बघून लोक फार घाबरतात, पण त्याचा निकाल बहुधा चांगला लागतो. मात्र त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी जी विकरं असतात ती त्यांच्यात पुरेशी नसतात, म्हणून पू घट्ट, पिवळट गोळा होऊन बसतो आणि भोवती वेष्टण तयार होतं. त्या गोळ्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे रक्तातून येणारं औषध आत पोचतच नाही. आठवडाभर गोळ्या देऊन गाठ बसेल ही आशा व्यर्थ आहे. डॉक्टर भूल देऊन पडद्याला छेद देतात, गोळा पुष्कळदा अखंड निघतो, मग पोकळी धुऊन ती आतून भरत येईपर्यंत काही दिवस पुन्हा पुन्हा धुवावी लागते. घरी दाबून फोडायचा प्रयत्न केला तर तो आत फुटतो. मधल्या कानातून घशाकडे वाट असते. असं गळू पुन्हा पुन्हा होत असेल तर आहार तपासा. फक्त सुकी कोळंबी किंवा नुसतं मांस खाणाऱ्या कासवाला जीवनसत्त्व अ कमी पडतं, त्यामुळे कान, डोळे आणि श्वासनलिका यांचं आतलं अस्तर जाड व खरखरीत होतं आणि जंतूंना आयतं घर मिळतं. सुजून बंद झालेल्या डोळ्यांमागेही बऱ्याचदा हेच कारण निघतं. म्हणून नुसते डोळ्यांचे थेंब टाकत बसण्यात अर्थ नसतो.

जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन मात्र अंदाजाने देऊ नये. ते जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते, विशेषतः जमिनीवरच्या कासवांची. गडद हिरवी पानं, गाजर, भोपळा किंवा जातीनुसार संतुलित तयार खाद्य हा शहाणपणाचा रस्ता.

आता श्वसन. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे फुप्फुसात साचलेला चिकट स्राव खोकून बाहेर टाकणं त्याला जवळजवळ जमत नाही. न्यूमोनिया हळूहळू वाढतो आणि दिसायला लागतो तोवर बराच पसरलेला असतो. तोंड उघडून श्वास, मान ताणून वर करणं, शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज, नाकातोंडात फेस, पाण्यात एका बाजूला कलून पोहणं किंवा बुडी न मारता येणं, ही लक्षणं. कलून पोहण्याचं कारण कधी कधी आतड्यातला वायूही असतो, ते एक्स-रेनेच कळतं. डॉक्टरकडे नेईपर्यंत पाण्याची पातळी इतकी कमी करा की कासवाला तळावर उभं राहून डोकं बाहेर काढता येईल. थकलेलं पाणकासव बुडून मरू शकतं.

जमिनीवरच्या कासवाचं नाक वाहत असेल तर मायकोप्लाझ्मा हा जंतू डोक्यात ठेवा. मायकोप्लाझ्मा अगासिझाय हा उत्तर अमेरिकेतल्या वाळवंटी कासवांमुळे नावारूपाला आला. मोहावी वाळवंटातली ती कासवं 1990 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली संकटग्रस्त यादीत गेली, आणि त्यांच्या घटत्या संख्येमागच्या कारणांमध्ये या श्वसनरोगाचंही नाव घेतलं जातं. पाळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की औषधाने नाक कोरडं होतं, पण जंतू पूर्ण जाईलच याची खात्री नसते. असं कासव आयुष्यभर वाहक राहू शकतं. ते दुसऱ्या कासवांत मिसळू नका, आणि पाळलेलं कोणतंही कासव "निसर्गात सोडून" तर अजिबात देऊ नका. त्याच्याबरोबर जंतूही सुटतात. एकाच नाकपुडीतून स्राव असेल तर आत काडी अडकलेली असू शकते, आणि नुसत्या शिंका बारीक धुळीच्या भुशामुळेही येतात. नागीणवर्गातले (हर्पिस) विषाणूही याच लक्षणांनी येतात, म्हणून चाचणीशिवाय अँटिबायोटिक सुरू करणं म्हणजे अंधारात तीर.

तिसरी पायरी: किती थांबायचं

तापमान कमी होतं, ते सुधारलं, आणि कासव फक्त कमी खात होतं, बाकी डोळे-नाक-कवच स्वच्छ: अशा वेळी चार-पाच दिवस बघायला हरकत नाही. टणक कवचावर वरवरचा छोटा डाग असेल, वास नसेल, तर स्वच्छता आणि कोरडेपणा वाढवून आठवडाभर फोटो काढत राहा.

बाकी कशालाही थांबू नका. कासव आजार लपवतं. ज्या दिवशी ते आजारी "दिसतं" त्याच्या कितीतरी आधी आजार सुरू झालेला असतो. तोंड उघडून श्वास, पोटाकडे लाली, हातपाय ढिले, रक्त, बाहेर आलेला अवयव किंवा अंगावर कुठेही गाठ असेल तर लगेच निघा.

चौथी पायरी: डॉक्टरकडे जाताना

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून ठेवायचं काम कासव घरी आणतानाच करायचं असतं. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही कासवाच्या बाबतीत अडखळू शकतात, आणि ते तसं सांगतात तेव्हा त्यांचा आदरच वाटतो.

पाणकासवालाही पाण्यात घालून नेऊ नका. ओलसर टॉवेल अंथरलेल्या, झाकण असलेल्या डब्यात न्या, झाकणाला भोकं पाडा, आणि डबा गार पडणार नाही हे बघा. सोबत तापमानाची आणि वजनाची वही, टाकीचे फोटो, काय खायला देता त्याची यादी, आणि शक्य असेल तर ताजी विष्ठा.

डॉक्टर एक्स-रे काढतील; फुप्फुसांसाठी समोरून घेतलेला एक्स-रे फार उपयोगी असतो. रक्त तपासतील. गाठीतला किंवा जखमेतला नमुना कल्चरला पाठवतील, म्हणजे तो जंतू वाढवून कोणत्या औषधाला दबतो ते बघतील. अहवालाला काही दिवस लागतात, तोवर अंदाजाने एक औषध सुरू होतं आणि अहवालानंतर बदलूही शकतं. "आधी चुकीचं दिलं होतं का?" असं समजून भांडू नका, पद्धतच तशी आहे. कल्चर परवडत असेल तर टाळू नका. आधी कुणाच्या सल्ल्याने दिलेलं अर्धवट औषध असेल तर तेही सांगून टाका.

पाचवी पायरी: घरची शुश्रूषा

आजारी कासवाला त्याच्या जातीच्या नेहमीच्या तापमानपट्ट्यातल्या वरच्या टोकाला ठेवतात आणि रात्रीही तापमान फार उतरू देत नाहीत. स्लायडरसाठी पाणी 27 ते 29 अंश. वरच्या टोकाला म्हणजे टोकापलीकडे नाही. उकाड्यापासून दूर जाण्याची जागा त्याला हवीच, नाहीतर अंगातलं पाणी आटतं. थंडीची झोप घेणाऱ्या जातीचं कासव आजारी असेल तर त्या वर्षी झोपेला पाठवू नका.

जमिनीवरच्या कासवाला रोज कोमट पाण्यात 15 ते 20 मिनिटं बसवा. पाणी हनुवटीच्या खालीच राहिलं पाहिजे. नीट पाणी मिळणं इथे उपचाराचाच भाग आहे, कारण अमिकासिनसारखी काही औषधं कोरड्या शरीरातल्या मूत्रपिंडांना इजा करतात.

इंजेक्शन घरी द्यायची वेळ येऊ शकते. सेफ्टाझिडाइम हे सरपटणाऱ्या प्राण्यांत बरंच वापरलं जाणारं औषध पुष्कळदा 72 तासांच्या अंतराने देतात, त्यामुळे रोज टोचावं लागत नाही. सुई पुढच्या पायाच्या स्नायूत देण्याची पद्धत आहे. कासवात मागच्या अंगातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडून जाऊ शकतं, त्यामुळे मागे टोचलेलं औषध अंगात पसरण्याआधीच बाहेर पडण्याची किंवा मूत्रपिंडांना त्रास देण्याची भीती असते. डॉक्टरांसमोर एकदा स्वतः देऊन बघा, मगच घरी या. प्रत्येक वेळी बाजू बदला आणि कोणत्या बाजूला दिलं ते लिहा. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक टोचल्यावर कासव फार तडफडतं आणि त्या जागेचा स्नायू खराब होऊ शकतो. तसं दिसलं तर तोंडाने द्यायचा पर्याय आहे का ते विचारा.

मात्रा ग्रॅममधल्या वजनावर ठरते. दुसऱ्या कुणाच्या कासवाची मात्रा आपल्याला लागू नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कासव खायला लागलं म्हणून औषध बंद करू नका. उपचार बहुधा काही आठवड्यांचे असतात.

कवच कुजलेल्या पाणकासवाला दिवसाचा बराच भाग कोरडं ठेवायला सांगतात. स्वच्छ डबा, टॉवेल, वर दिवा, दुसऱ्या बाजूला सावली. दिवसातून एक-दोनदा तासभर स्वच्छ कोमट पाण्यात, कारण पाणकासवं पाण्याशिवाय नीट गिळू शकत नाहीत आणि पाणी पिणंही तिथेच होतं. किती तास कोरडं, हे डॉक्टर सांगतील. पिल्लं लवकर सुकतात. आणि मऊ कातडी कवचाच्या जातींना असं कोरडं ठेवायचंच नाही, त्यांची कातडी तडकते.

जखम धुण्यासाठी पोव्हिडोन आयोडीन पातळ करून घेतात, फिक्या चहाच्या रंगाचं, त्याहून गडद नको. लावून काही मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा, टिपा, मग डॉक्टरांनी दिलेलं मलम. सिल्व्हर सल्फाडायझिन बरेचदा असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. जंतूंबरोबर नव्याने भरणारी ऊतीही मरते. कवचाला तेल, पेट्रोलियम जेली, पॉलिश काहीही लावू नका. खालची ओल कोंडते आणि जंतूंची चंगळ होते.

पाण्यात टाकायच्या "कासवांच्या औषधी गोळ्या" आणि विरघळणाऱ्या वड्या माझ्या मते विकतच घेऊ नयेत. आतल्या संसर्गापर्यंत त्यातलं काही पोचत नाही, आणि पाण्यात अँटिबायोटिक टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जंतू मरून अमोनिया मात्र वाढतो. आयव्हरमेक्टिनचं नाव इथे आवर्जून घेतो, कारण जंतांवर म्हणून ते सर्रास सुचवलं जातं: कासवांना ते जीवघेणं ठरतं. डॉक्टर नवीन असतील तर त्यांनाही आठवण करून द्यायला संकोचू नका.

बरं होण्याचा वेग बघून हिरमुसू नका. भूक आधी परत येते, मग हालचाल, कवच सगळ्यात शेवटी. हाडापर्यंत गेलेली जखम भरायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं आणि तिथे खड्डा कायमचा राहू शकतो. जागा कोरडी, टणक आणि वासरहित असेल तर खड्डा राहिला तरी चालेल.

नवीन कासव आणताना

कमीत कमी तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळा ब्रश. सहा महिने जमलं तर उत्तम. आधी जुन्या कासवाचं काम उरका, मग नव्याचं. या काळात विष्ठा तपासून घ्या. वेगवेगळ्या खंडांतल्या जाती एकत्र ठेवण्याची हौस करू नका. एकीला सवयीचा असलेला जंतू दुसरीला जड जातो.

आणि आपली तब्येत

साल्मोनेला पूर्ण निरोगी कासवाच्या आतड्यातही असतो आणि कासवाला त्याचा काही त्रास नसतो. त्रास माणसाला होतो. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 मध्ये 4 इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आणली, ती आजही आहे. कासवाला औषध देऊन साल्मोनेला घालवता येत नाही. तो अधूनमधूनच विष्ठेत येतो, त्यामुळे एक तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, आणि उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात.

त्यामुळे कासवाला, टाकीला किंवा पाण्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतायचं नाही, तिथे फिल्टरही धुवायचा नाही. बादली आणि ब्रश या कामापुरते वेगळे ठेवायचे. पाणी उपसायच्या नळीला तोंड लावून ओढायचं नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर कासवाचं काम त्यांच्याकडे देऊ नका, आणि जखमेची मलमपट्टी करताना हातमोजे घाला. घरात कुणाला जुलाब-ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कासव पाळल्याचं न विचारताही सांगा.